यात कल्की कोणता?

सुमारे सहाशे कोटी रुपये खर्चाचा म्हणून ज्याचे ढोल महिनाभर वाजत होते, तो ‘कल्की २८९८ एडी’ मी रविवारी पाहिला आणि माझा राग अजून उतरलेला नाही. स्वतःच्या चष्म्यावर थ्रीडीचा चष्मा चढवून, नाकावर वळ उमटवून घेत मी तीन तास बसलो होतो, एवढी पूर्वपीठिका पुरे.

शेजारच्या खुर्चीत शहाद्याकडचे एक काका होते. त्यांना घेऊन आलेला नातू मित्रांबरोबर पुढच्या रांगेत जाऊन बसल्यामुळे शंकानिरसनाचे खाते आपोआप माझ्याकडे आले. प्रभासचा भैरव अवतरला, शिट्ट्या वाजल्या आणि काका माझ्या कानाशी झुकले.

“भाऊ, हा कल्की का?”

“नाही काका.”

त्याची बुज्जी नावाची गाडी बोलू लागली, तेव्हा काकांनी तिच्याबद्दलही तीच शंका विचारली. एस. एस. राजामौली दिसताच प्रेक्षकांनी टाळ्यांचा कडकडाट केला.

“मग हा असेल.”

“नाही, हे दिग्दर्शक आहेत.”

“ह्या सिनेमाचे?”

“नाही, दुसऱ्या सिनेमांचे.”

“मग इथं काय करताहेत?”

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पटकथेकडेही नव्हते. ओळखीचा चेहरा आणून टाळी घ्यायची आणि तोवर कथेला बाकावर उभे करायचे, हा प्रकार पुढेही होत राहिला.

अमिताभ बच्चन यांचा अश्वत्थामा आला तेव्हा मात्र काका ताठ बसले. “हे काशीला कधी गेले? हे तर आमच्या अस्तंब्याला असतात!” सातपुड्यातल्या अस्तंब्याच्या डोंगरावर दिवाळीत यात्रा भरते, आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा तिथे वाट चुकलेल्यांना रस्ता दाखवतो, अशी त्या भागातली श्रद्धा आहे. काका तरुणपणी ती यात्रा करून आले होते आणि तिची हकिकत त्यांनी मला एका लांबलचक हाणामारीच्या आडोशाने सांगितली. यंत्रांच्या त्या खणखणाटापेक्षा ती हकिकत कितीतरी सुसंगत होती. ऐंशी उलटलेल्या बच्चन यांच्या नुसत्या उभे राहण्यात जी जरब होती, ती बाकीच्या सगळ्या लेझर-बंदुकांना मिळून साधली नाही, हेही मान्य केले पाहिजे.

मध्यंतरात काकांनी हिशेब काढला. परंपरेप्रमाणे कलियुग इ. स. पूर्व ३१०२ मध्ये सुरू झाले. त्यात २८९८ मिळवले की बरोबर ६,००० वर्षे होतात, म्हणजे शीर्षक तरी कोणीतरी गणित करून ठेवले आहे. परंतु पुराणांच्या हिशेबाने कलियुग ४,३२,००० वर्षांचे आणि कल्की यायचा तो त्याच्या अखेरीस. “म्हणजे अजून ४,२६,००० वर्षं बाकी आहेत. एवढी घाई कसली?” असे काकांनी विचारले, तेव्हा हातातल्या पॉपकॉर्नची किंमत आठवून मी नुसतीच मान हलवली.

घाई कुठली! तीन तास संपले, कमल हासन यांच्या खलनायकाने दोन-चार मिनिटांची हजेरी लावून शेवटी गांडीव उचलले, उरलेली कथा पुढच्या भागात असल्याचे कळले आणि दिवे लागले.

“भाऊ, कल्की राहिलाच की.”

“तो दीपिकाच्या पोटात आहे, काका. जन्मायचाय अजून.”

काका क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले. “म्हणजे आपण डोहाळजेवणाला आलो होतो?”

मागच्या रांगेतले लोक हसले. मला हसू आले नाही. ज्याचे नाव पाटीवर आहे तो गृहस्थ पहिल्या भागात जन्मणारच नसेल, तर तिकीटही निम्मेच आकारायला हवे होते, असे मला अजूनही वाटते. अर्धे पुस्तक पूर्ण किमतीला कोणी विकले, तर आपण दुकानदाराशी भांडतो. इथे मात्र अर्धी गोष्ट विकून वर उत्सुकता ताणल्याचे कौतुकही वसूल केले जाते. दारातल्या पोऱ्याने थ्रीडीचे चष्मे परत मागितले, तेव्हा काकांनी आपला चष्मा त्याच्या हातावर ठेवत विचारले, “बारसं कधी आहे?” त्याने अत्यंत अदबीने सांगितले, “तिकीट खिडकीवर विचारा.”