सॅनिटायझर, फेविकॉल आणि आजोबांच्या रेकॉर्डी

तो फॉरवर्ड तुमच्याकडे पण आला असेलच. 'आजोबांच्या जुन्या रेकॉर्डी भंगारात देऊ नका, दहा मिनिटांत घरच्या घरी नव्यासारख्या करा', आणि खाली स्टेप्स: सॅनिटायझर नाहीतर स्पिरिटने पुसा, नळाखाली भांड्याच्या लिक्विडने घासा, उन्हात वाळवा, तरी खरखर राहिली तर फेविकॉल लावून साल काढा आणि शेवटी सुई बोटाने साफ करा. मला चार ग्रुपवर आलाय, त्यातला एक तर सोसायटीच्या पाण्याच्या टँकरचा ग्रुप आहे. भंगारात देऊ नका एवढं पहिलं वाक्य सोडलं तर बाकीच्याशी माझं भांडण आहे, म्हणून एकेक घेतो.

आधी सॅनिटायझर, कारण खरी वाट तिथेच लागते. आपण सरसकट 'जुनी रेकॉर्ड' म्हणतो ना, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आजोबांच्या काळच्या ७८ आरपीएमवाल्या (म्हणजे मिनिटाला ७८ फेरे), जाड, जड, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं वाजणाऱ्या आणि हातातून निसटली की कौलासारख्या फुटणाऱ्या, त्या बहुतेक सगळ्या लाखेच्या. लाख म्हणजे तीच, झाडावरच्या किड्यांची, त्यात दगडाची पूड आणि काजळी घालून दाबलेली. कलकत्त्याला सियालदहमध्ये १९०८ साली कारखाना निघाला तेव्हापासून आपल्याकडे याच बनायच्या आणि १९६०च्या दशकातही निघत होत्या. दुसऱ्या म्हणजे ३३ (त्यांनाच एलपी म्हणतात) आणि ४५ च्या, त्या विनाइलच्या, म्हणजे पीव्हीसीच्या. आता कुठल्याही सुतारकाम करणाऱ्याला विचारा लाखेचं पॉलिश कसं बनवतात. चपडा लाख स्पिरिटमध्ये टाकायची, रात्रभर ठेवायची, विरघळली की बोळ्याने लाकडावर मारायची. म्हणजे फॉरवर्डवाला तुम्हाला रेकॉर्डचं पॉलिश बनवायला सांगतोय!

हे मी पुस्तकी बोलत नाहीये. लॉकडाऊनमध्ये घरात सॅनिटायझरचे कॅन पडलेले असायचे, तेव्हा आमच्या मामांनी हिराबाई बडोदेकरांची एक ७८ काढली आणि बसले पुसत. कापूस काळाकुट्ट झाला, मामा खूष, मला व्हिडिओ कॉल करून दाखवतायत की बघ केवढी घाण निघतेय. निघत होती ती रेकॉर्डच.

बरं, विनाइलचं काय? तर विनाइल अल्कोहोलने विरघळत नाही, पाणी घालून पातळ केलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल बरेच जण एलपीला वापरतात, ते ठीक आहे. पण सॅनिटायझर म्हणजे नुसतं अल्कोहोल नाही हो. जागतिक आरोग्य संघटनेचा फॉर्म्युला बघा, ८० टक्के इथेनॉल आणि त्यात १.४५ टक्के ग्लिसरॉल, हात कोरडे पडू नयेत म्हणून. जेलवाल्यात वर घट्टपणासाठी आणखी काहीतरी, शिवाय सेंट. अल्कोहोल उडून जातं, चिकटा खाचेत राहतो, त्यावर धूळ बसते आणि मग सुई ती नांगरत बसते. ओळखायचं सोपं आहे, लेबलवर ७८ दिसलं की लाखेची समजा आणि स्पिरिट लांब ठेवा. एखादी उशिराची ७८ विनाइलची निघेलही, पण तिला पाण्याने पुसलं म्हणून काही बिघडत नाही. आणि वाकवून बघू वगैरे करू नका कृपया.

भांड्याचं लिक्विड हे मला एवढं वाईट वाटत नाही. थेंबभर, भरपूर पाण्यात, आणि नंतर नीट धुतलं तर चालून जातं. प्रॉब्लेम नळाच्या पाण्याचा आहे. बोअरवेलच्या पाण्याने बादलीला आणि गिझरला जो पांढरा थर धरतो तोच खाचेत वाळला तर खरखर कमी व्हायच्या ऐवजी वाढते. शेवटचं धुणं डिस्टिल्ड वॉटरने करा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचं मिळतं ना, तेच. (एसीचं टपकणारं पाणी चालेल का असं एकाने विचारलं होतं. नाही, ते एसीच्या आतली धूळ-बुरशी घेऊन येतं.) घासणी तर अजिबात नको, मऊ ब्रश किंवा मखमलीचं कापड घ्या आणि खाच जशी गोल फिरते तसंच फिरवा, आडवं नाही. लेबल कागदाचं आहे, ते भिजवू नका. लाखेची रेकॉर्ड तर टबात बुडवायचीच नाही, ओलसर कापडाने पुसून लगेच कोरडी करायची, चीर असेल तर पाणी आत मुरतं. कोकणातल्या घरातून आणलेल्या रेकॉर्डीवर पावसाळ्याची बुरशी असते, ती आधी बाहेर अंगणात कोरड्या ब्रशने झटका, घरात नाही.

उन्हात वाळवणं म्हणजे पापड. विनाइल मऊ पडून वाकतं, विषय संपला.

फेविकॉलवर मात्र मला थोडं मागे यावं लागतंय, कारण ते संपूर्ण खोटं नाही. शाळेत हातावर फेविकॉल लावून साल काढायचो तसंच आहे हे, तो पीव्हीएचा गोंद विनाइलला धरत नाही, वाळला की सोलून येतो आणि सोबत धूळ घेऊन येतो. मी एका टाकाऊ एलपीवर करून बघितलं. थर पातळ झाला तिथे तुकडे तुकडे निघाले, नखाने खरवडत बसलो, आणि सोलल्यामुळे एवढी स्टॅटिक वीज तयार झाली की अर्ध्या तासात पुन्हा केस आणि धूळ चिकटली. टाकाऊवर मजा म्हणून करा. लाखेवर कधीच नाही, तिथे गोंद धरून बसू शकतो.

आता सुई. बोटाला तेल असतं, आणि सुईचा हिरा ज्या बारीक दांडीवर बसवलेला असतो ती जरा आडवी ढकलली की गेली. मागून पुढे, म्हणजे दांडीच्या मुळाकडून टोकाकडे, मऊ ब्रश, बस. किंवा भांडी घासायचा तो पांढरा मॅजिक स्पंज असतो, मेलामाइनचा, त्याच्या कोरड्या तुकड्यावर प्लेयरच्या वर-खाली करायच्या लिव्हरने सुई सरळ खाली टेकवायची आणि सरळ वर उचलायची, ओढायची नाही. सुईवर स्पिरिट ओतणारेही आहेत, ते दांडीवरून आतल्या रबरापर्यंत जातं.

आणि फॉरवर्डमध्ये नसलेली गोष्ट म्हणजे बरीचशी खरखर घाणीची नसतेच. ७८ ची खाच रुंद असते, तिला साधारण ७५ मायक्रॉनची सुई लागते, एलपीची सुई २५ किंवा त्याहून बारीक. एलपीच्या सुईने ७८ लावली तर ती खाचेच्या तळाशी घरंगळते आणि तुम्ही म्हणता रेकॉर्ड खराब आहे. उलट आजोबांच्या चावीच्या ग्रामोफोनवर, ती स्टीलची पिन आणि ती धरणारा जड साउंडबॉक्स, एलपी चढवलीत तर एका फेरीत तिचं वाटोळं. आणि ७८ वर तीच पिन न बदलता वर्षानुवर्षं वाजवलेली असेल तर खाच झिजून राखाडी दिसते, ती कशानेही काळी होणार नाही.

मामांची ती रेकॉर्ड अजून आहे. वरच्या बाजूला बोटभर रुंद मॅट पट्टा आलाय, तिथे सुई आली की हिराबाई पावसात उभं राहून गातायत असं वाटतं. दुसरी बाजू मस्त वाजते, कारण तिच्यापर्यंत पोचायच्या आधी कॅन संपला.