रंगपटात घुसावं कसं

नाटक रात्री साडेनऊचं असलं तरी तुमचं काम बारानंतर सुरू होतं, हे आधी डोक्यात पक्कं बसवा. तिकीट काढायचं, तिसरी घंटा ऐकायची आणि अंधारात दोन-अडीच तास गप्प बसायचं, ही कामं इतरांची. रंगपटात, म्हणजे नट जिथे रंग लावतात-उतरवतात त्या खोलीत, जाऊन नटाला भेटायला नाटक पाहिलेलं असावं लागतं असा नियम कुठेच लिहिलेला नाही. मालवणचं मामा वरेरकर नाट्यगृह असो की रत्नागिरीचं सावरकर नाट्यगृह, घरी शांतपणे जेवून, बडीशेप चघळत बाराच्या ठोक्याला पोचणारे रसिक सगळीकडे असतात. पास मिळाला नाही म्हणून नाटक चुकलं, फोटो कशाला चुकवायचा?

आत बसलाच असाल तर खुर्ची कडेची घ्या, रंगमंचाच्या पायऱ्या ज्या बाजूला असतील त्या बाजूची. शेवटी कलाकार रांगेत उभे राहतात, एकेकाची ओळख करून दिली जाते. मुख्य नटाची झाली की प्रकाशयोजना, नेपथ्य, रंगभूषा, ध्वनी, रंगमंच व्यवस्था अशी नावं सुरू होतात. उठायची वेळ हीच. टाळ्या विरळ असतात, सगळ्यांचे मोबाईल वर असतात, तुम्हाला कुणी अडवत नाही. स्थानिक आयोजकांनी शाल-श्रीफळ आणि चार भाषणं ठेवली असतील तर आणखी वीस मिनिटं हाताशी आहेत. नट घामाघूम अवस्थेत शाल पांघरून हसत उभा असेल. कोकणातल्या एप्रिलमध्ये पॅनकेकवर, म्हणजे तोंडाला थापलेल्या रंगाच्या थरावर, शाल म्हणजे काय, ते त्याच्या कानामागून ओघळणाऱ्या तपकिरी रेघेवरून समजतं. तेवढ्यात तुम्ही विंगेत, म्हणजे रंगमंचाच्या कडेच्या आडोशाला, पोचलेले असायला हवं.

विंगेत अंधार असतो आणि जमिनीवर केबली असतात. त्या टेपने चिकटवलेल्या असतात, तरी चपलेचं टोक मारून एखादी सोडवता येते. नटाच्या गळ्याशी किंवा केसांत बोंडाएवढा माईक आणि कमरेला त्याचं यंत्र असतं, ते काढून घ्यायला साऊंडवाला मुलगा मागे मागे फिरत असतो. त्याला कोपराने बाजूला सारा. मग नटाच्या छातीजवळ तोंड नेऊन म्हणा, "नाटक ठीक आहे, पण दुसऱ्या अंकात झोप आली." आवाजाच्या मिक्सरवर त्या माईकची चॅनेल अजून उघडी असेल तर हे मत बाल्कनीपर्यंत स्वच्छ ऐकू जातं. नाट्यसमीक्षेला याहून मोठं व्यासपीठ आपल्याकडे उरलेलं नाही.

रंगपटाचं दार ढकलण्याआधी टकटक करू नका. आत कुणी शर्ट बदलत असेल, कुणी नऊवारी सोडत असेल, तर ते त्यांचं बघून घेतील. मिशी खोटी असेल तर ती स्पिरिट गम नावाच्या डिंकाने चिकटवलेली असते. दमट हवेत घामाने तिची कड सुटते, मग नट प्रयोगभर वरचा ओठ ताणून बोलतो. ती हळूहळू, द्रव लावून काढावी लागते, नाहीतर कातडी सोलते. म्हणून अर्धी मिशी निघालेली असताना "साहेब, एक मिनिट, मिशीसकट पाहिजे फोटो" असं म्हणणं सगळ्यात परिणामकारक. तो परत चिकटवतो. पाया पडा, मिठी मारा, पण पांढरा सदरा घालून जा. खांद्यावर उमटलेला पॅनकेकचा डाग सहीपेक्षा जास्त टिकतो.

आता मुलाखत. आपल्याकडे सही हा बहाणा असतो, मूळ प्रश्न असतो "गाव खंयचो तुमचो?" नट म्हणाला देवरुख, तर तिथे थांबू नका. देवरुख म्हणजे साखरप्याकडचं की संगमेश्वराकडचं? वाडी कुठली? कुलदैवत? तुमचे एक चुलते पोस्टात होते ना? तो "नाही" म्हणेल. त्याला आठवत नाही एवढाच त्याचा अर्थ. तो घाटावरचा निघाला तरी नाउमेद होण्याचं कारण नाही. आजोळ, सासुरवाडी, निदान शेजारी तरी कोकणातला असतोच. नात्याचा धागा हाती लागेपर्यंत मागचे पस्तीस लोक थांबतील. त्यांनाही हेच विचारायचं आहे.

काही वाक्यं पाठ करून ठेवावीत. "टीव्हीवर तुम्ही भरलेले दिसता." "आधी या भूमिकेत ते दुसरे होते, त्यांची मजा वेगळी होती." "मालिकेतून तुम्हाला काढलं की तुम्ही सोडली?" बरोबर मूल असेल तर ते या वेळी झोपलेलं असणार. त्याला उठवून पुढे ढकला: "काकांना तो डायलॉग म्हणून दाखव." ते रडेल. काका हसतील. रडणं थांबेपर्यंत कुणी हलायचं नाही.

सहीचंही तंत्र आहे, कारण काही जुने लोक अजून सह्यांची वही घेऊन येतात आणि त्यांना पुढे जायला वाट द्यावी लागते. गुळगुळीत छापील कागदावर बॉलपेनची शाई धरत नाही, गोळी घसरते आणि नुसता ओरखडा उठतो. जेल पेनची सही छान उठते, पण सुकायच्या आत वही मिटली की समोरच्या पानावर आरशातली सही मिळते, आणि पावसाळ्यात थेंब पडला की तिची निळी रांगोळी होते. पर्मनंट मार्कर चकचकीत कागदाला उत्तम, वहीच्या साध्या पानाला नाही, कारण तो आरपार उतरतो आणि मागची जुनी सही खाऊन टाकतो. तिकिटावर घेणार असाल तर बघून घ्या. थर्मल छपाईचं तिकीट असेल तर दोन-तीन उन्हाळ्यांत नाटकाचं नाव, तारीख, खुर्ची क्रमांक सगळं उडतं, आणि कोऱ्या कागदाच्या कपट्यावर एक वाकडी रेघ उरते. आल्यागेल्याला ती कुणाची ते सांगत बसावं लागतं. सहीचा फोटो काचेच्या फ्रेममध्ये लावताना काच आणि फोटो यांच्यामध्ये पुठ्ठ्याची कड ठेवावी, नाहीतर आपल्या दमट हवेत फोटो काचेला चिकटतो आणि काढताना नाक काचेवर राहतं. वही लोखंडी कपाटात, सिलिका जेलच्या पुडीबरोबर. लाकडी कपाटात वाळवी शिरली की ती मोठा नट, छोटा नट असा भेद करत नाही.

पण हे जुन्यांचं. तुम्ही पेन नेऊच नका. आत गेल्यावर मोठ्याने विचारा, "कुणाकडे पेन आहे काय?" लाइटवाल्याच्या खिशात असतं, ज्याने तो संहितेत खुणा करतो. ते घ्या आणि खिशात घालून घरी न्या. सही "आमच्या आर्यनला" अशी मागा. मग त्याच्या बहिणीला. मग शेजारच्या काकूंना, कारण त्या येऊ शकल्या नाहीत. हिशेब सोपा आहे. चाळीस माणसं, प्रत्येकी अर्धा मिनिट, म्हणजे वीस मिनिटांत खेळ खलास. प्रत्येकी तीन मिनिटं घेतली तर दोन तास. दोन तासांचं नाटक दोन तास पाहिलं, तर नटाला दोन तास बघायला काय हरकत?

दरम्यान मागे हातोड्यांचा आवाज येत असेल. सेट उतरवतायत. भिंतीच्या चौकटी सुटतात, त्यांवर क्रमांक टाकलेले असतात, त्याच क्रमाने त्या गाडीत चढवाव्या लागतात, नाहीतर दुसऱ्या दिवशी दिवाणखान्याची खिडकी स्वयंपाकघरात उगवते. या मुलांचं जेवण अजून व्हायचं असतं. सेटवरचा सोफा दोघांनी उचलला असेल तर त्यांना म्हणा, "जरा ठेवा, दोन फोटो." बसा. पाय पसरून बसा. सेटच्या दाराची कडीही उघडून बघा, त्यामागे काय आहे हा प्रश्न तुम्हाला पहिल्या अंकापासून पडलेला असतो. मागे एक माणूस चौकट धरून उभा असतो.

भेटवस्तूशिवाय मात्र जाऊ नये. आगळाची, म्हणजे कोकमाच्या खारवलेल्या रसाची, बाटली द्यावी, बूच सैल असलेली. आमसुलाचा लाल डाग कपडेपटातल्या धोतरावर पडला की ते धोतर पुढे फक्त लढाईच्या नाटकात चालतं. सोलकढी दिलीत तर आणखी बरं. नारळाचं दूध रात्रभर बंद गाडीत आंबतं आणि पहाटे झाकण आपसूक उडतं. पिकत आलेला कापा फणस दिलात तर एसी बसमधल्या चौदा माणसांना तो पुढच्या मुक्कामापर्यंत विसरता येणार नाही. हापूसची पेटी देणारे लोकही असतात, पण त्यांना अक्कल कमी असते; ते पेटी देतात आणि निघून जातात.

बसचा ड्रायव्हर दोनदा हॉर्न देईल. त्याला रत्नागिरीहून कुडाळला पोचायचं असतं, हातखंबा, लांजा, राजापूर, खारेपाटण, कणकवली करत जवळपास दीडशे किलोमीटर, रात्री, महामार्गाचं काम जिथे जसं असेल तिथे तसं. सकाळी मुलांना तिथे तोच सेट उभा करायचा असतो. तुम्ही बसच्या पायरीवर एक पाय ठेवून उभे राहा. पाय पायरीवर असेपर्यंत दार मिटत नाही.

हौशी नाटकवाल्यांच्या बाबतीत यातलं काही लागू नाही. राज्य नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे, तिच्या प्राथमिक फेरीत बँकेतला कारकून, शाळामास्तर, एसटीचा कंडक्टर महिना-दोन महिने तालीम करून उभे राहतात. त्यांची सही मागायला रांग नसते. चुकून मागितलीत तर तो माणूस आधी मागे वळून बघेल, मग स्वतःचे खिसे चाचपेल आणि पेन आणायला बायकोला पाठवेल. इतका वेळ कुणाकडे आहे?

राहता राहिली जत्रा. दशावतार, म्हणजे देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणारं कोकणातलं लोकनाट्य, पाहायला जाणार असाल तर रंगपट शोधत बसू नका, देवळाच्या ओवरीत किंवा शाळेच्या पडवीत पेटाऱ्यांच्या आडोशाला, एका आरशात तिघं तोंडं रंगवत बसलेली असतात. आपापला रंग आपणच लावायचा. संहिता नसते. कथा ठरते आणि संवाद उभ्या उभ्या सुचतात, तेव्हा "ते वाक्य लिहून त्याखाली सही द्या" असं म्हणू नका, ते वाक्य पुन्हा येणार नाही. इथे सहीची नाही, बक्षिसाची पद्धत आहे. नोट द्यायची आणि नाव माईकवरून पुकारलं जातं. शंभर रुपये देऊन पूर्ण नाव, वाडी आणि मुंबईचा मुक्काम एवढं तीनदा पुकारून घ्यावं, द्रौपदी थांबते.

खेळाच्या शेवटचा दहीकाला होऊन उजाडलं की सेल्फी घ्यायला उत्तम उजेड असतो. दीपमाळ मागे घ्या. चहाच्या टपरीजवळ लुंगीतला एक माणूस खोबरेल तेलाने गाल पुसत उभा असेल, डोळ्यांतलं काजळ तेवढं निघालेलं नसेल. तो फोटोत येतोय. त्याला सांगा, जरा बाजूला हो, आणि रात्रीची ती द्रौपदी गेली कुठे, तेही त्यालाच विचारा.