लांडगा परत आणण्यापूर्वी घ्यावयाची काळजी

लांडग्यांना त्यांच्या मूळ अधिवासात परत आणावे की नाही, या वादात आपणही मत मांडू इच्छित असाल, तर त्यासाठी नागपूरइतके सोयीचे शहर नाही. येथे आपल्या ओळखीत कुणाकडे मेंढ्या नाहीत आणि तर्रीपोहे मात्र सकाळपासून मिळतात. मेंढ्या नसणे ही या विषयातली मोठी पात्रता आहे. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्याने २०२० साली हा प्रश्न थेट मतदानाला टाकला, तेव्हा कौल मुख्यतः शहरांनी दिला आणि २०२३च्या डिसेंबरात ऑरेगनहून आणलेले १० लांडगे सोडले गेले ते डोंगरापलीकडच्या पशुपालकांच्या मुलखात.

मात्र घाई करू नये. यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातील लांडगे १९२६ पर्यंत मारून संपवले गेले आणि १९९५-९६ मध्ये कॅनडातून ३१ आणले गेले, म्हणजे मध्ये सुमारे सत्तर वर्षे धीर धरावा लागला. आपली अडचण अशी, की विदर्भातला लांडगा अजून गेलेलाच नाही, आणि जो गेला नाही त्याच्या पुनरागमनाची फीत कापणार कशी?

तेव्हा आधी त्याला घालवावे लागेल. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो वाघाच्याच पंगतीला बसलेला असल्याने बंदुकीचा विचार सोडावा. तिची गरजही नाही. वाघाला जंगल लागते, म्हणून जंगलाला फाटक, जिप्सी आणि तिकीट मिळाले. लांडग्याला लागते उघडे माळरान, ज्याला आपल्या दप्तरात ‘पडीक’ म्हणतात आणि जे कामी लावण्यास कुणाचीच हरकत नसते. शहराबाहेर थोडे जावे, म्हणजे गुडघाभर कुसळी गवतातून ओढलेल्या फक्कीच्या पांढऱ्या रेषा, कोपऱ्यांवरचे सिमेंटचे खुंट आणि ‘निसर्गाच्या सान्निध्यात प्लॉट’ असा फलक दिसेल. फलकाच्या सावलीत एखादा मेंढपाळ बसलेला असल्यास त्याला काही विचारू नये. कोकरू गेले तर लांडगा आपला वाटा घेऊन गेला, असे म्हणून तो मोकळा होतो. भरपाई का मागितली नाही म्हणाल, तर पंचनाम्याला कलेवर दाखवावे लागते आणि ते लांडग्यानेच नेले, असे सांगतो. अशा माणसांमुळे वाद रंगत नाही.

उरलेल्या माळावर पावसाळ्यात वृक्षारोपण करावे. खड्ड्यांबरोबर गवतही जाते आणि छायाचित्रही चांगले येते. एवढे करूनही एखाद्या रात्री परतताना गाडीच्या उजेडात लांब पायांचे, शेपूट खाली सोडलेले काही रस्ता ओलांडताना दिसलेच, तर कुत्रा समजून पुढे निघावे. परत आणण्याची निविदा निघेपर्यंत त्याला ओळख देऊ नये.