गोलकीपर कच्चे होते, पण ते सगळ्यांसाठीच कच्चे होते

प्लेऑफचे दिवस आले की आइस हॉकीच्या चाहत्यांत एक मजकूर हमखास फिरतो. एप्रिल 2025 पासून तर त्याला ऊतच आलाय. सारांश असा: ज्याला सार्वकालिक महान हॉकीपटू म्हणतात तो वेन ग्रेट्झकी म्हणजे फुगवलेला फुगा. 80च्या दशकात गोलकीपर कच्चे, त्याची एडमंटनची टीम तगडी, त्याच्या अंगाला कुणी हात लावू नये म्हणून पहिलवान ठेवलेले. आजच्या एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या मुख्य हॉकी लीगमध्ये, एका हंगामात त्याचे 80 पॉइंटही झाले नसते. आणि आता ओवेचकिनने त्याचा गोलांचा विक्रम मोडलाय, तेव्हा विषय संपला.

शेवटच्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण तो निम्मा खरा आहे. 6 एप्रिल 2025 ला ओवेचकिनने 895वा गोल मारून ग्रेट्झकीचा 894 चा विक्रम मोडला. गंमत म्हणजे तो त्याचा 1487वा सामना होता, आणि नियमित हंगामात ग्रेट्झकी खेळला तेही बरोबर 1487 सामने. नुसते गोल मारण्यात ओवेचकिन सरस, असं मीही म्हणतो. पण ग्रेट्झकीचं मोठेपण गोलांत नव्हतंच. हॉकीत गोल मारणाऱ्याला एक पॉइंट मिळतो आणि त्याआधी पक, म्हणजे खेळायची चकती, पुढे देणाऱ्या जास्तीत जास्त दोघांना असिस्टचा एकेक. ग्रेट्झकीचे असिस्ट 1963. त्याचे 894 च्या 894 गोल पुसून टाका, तरी एकूण पॉइंटांच्या यादीत तोच पहिला राहतो. दुसऱ्या नंबरवरच्या यारोमिर यागरचे गोल आणि असिस्ट मिळून 1921 आहेत.

आता गोलकीपर. इथे भांडण नाही. 80च्या सुरुवातीला दोन्ही टीमचे मिळून सामन्याला सरासरी आठ गोल व्हायचे, आज सहाच्या आसपास होतात. गोलकीपर उभ्याउभ्याच अडवायचे, पॅड आजच्या मानाने चिमुकले. जुने सामने बघताना मलाही हसू येतं, लांबून मारलेला साधा फटका सरळ जाळीत! पण तेच गोलकीपर इतर फॉरवर्डांच्याही पुढे उभे होते की. म्हणून हंगामातल्या पॉइंटांत दुसऱ्या नंबरवाल्याचे आकडे बघायचे. 1981-82 मध्ये ग्रेट्झकी 212, दुसरा माइक बॉसी 147. 1983-84 मध्ये ग्रेट्झकी 205, आणि तेही 74 सामन्यांत. दुसरा पॉल कॉफी 126, म्हणजे त्याच्याच टीमचा डिफेन्समन, बचावाचा खेळाडू. 1985-86 मध्ये ग्रेट्झकी 215, मारियो लेम्यू 141. लेम्यू तेव्हा जेमतेम विशीचा होता हे कबूल, पण तो पुढे दिग्गज ठरलेला लेम्यू होता. 2022-23 मध्ये आजच्या पिढीतल्या मॅकडेव्हिडने 153 केले तेव्हा सगळ्यांनी तोंडात बोटं घातली, आणि दुसरा ड्राइसायटल होता 128 वर. लाट सगळ्यांनाच वर उचलत होती, मग हा एकटाच साठ-सत्तर पॉइंट पुढे कसा?

‘आज 80 पण नसते’ म्हणणाऱ्यांनी 1997-98 चा हंगाम काढून बघावा. तोवर सामन्याला गोल सव्वापाचपर्यंत उतरले होते, म्हणजे आजच्यापेक्षाही कमी. ग्रेट्झकी 37 वर्षांचा, पाठीच्या दुखण्यातून गेलेला, आणि त्याची तेव्हाची टीम, न्यूयॉर्क रेंजर्स, अशी की प्लेऑफलाही पोचली नाही. पॉइंट 90. त्यातले 67 असिस्ट, लीगमध्ये यागरच्या बरोबरीने सर्वांत जास्त.

टीमने त्याला मोठं केलं म्हणावं, तर तो गेल्यावर 1990 मध्ये एडमंटनने त्याच्याविना स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला हे खरंच आहे. तिथले त्याचे साथीदार मेसियर, कुरी काही लेचेपेचे नव्हते. पण ऑगस्ट 1988 मध्ये तो लॉस एंजेलिसला गेला तेव्हा त्या टीमचे आदल्या हंगामात गुणतक्त्यात 68 गुण होते. पुढच्याच हंगामात 91 झाले. आणि सर्वाधिक पॉइंटांचा आर्ट रॉस करंडक त्याने तिथे गेल्यावर आणखी तीनदा घेतला.

पहिलवानांबद्दल काय बोलायचं? डेव्ह सेमेन्को होता, पुढे मॅकसोर्ली होता. तेव्हा असे पहिलवान जवळपास सगळ्याच टीम बाळगायच्या. ते मारामारी करायचे, ग्रेट्झकीसाठी पास द्यायचे नाहीत.

तो नेमकं काय करायचा हे बघायचं तर पक कुठे आहे ते सोडा आणि गोलच्या मागे नजर ठेवा. तो तिथे पक घेऊन थांबायचा. त्या जागेला लोक त्याचं ऑफिसच म्हणायचे. डिफेन्समन डावीकडून आला की हा उजवीकडून बाहेर. कुणीच आलं नाही की जाळीच्या आडून बघत उभा, समोर कुरी मोकळा होईपर्यंत. गोलकीपरची मान मागे वळलेली, आणि पक पुढून आत. पॅड कितीही मोठे केले तरी मान काही दोन्हीकडे वळत नाही.

आणि काळाने त्याला मदत केली म्हणता, तर हेही ऐका. तेव्हा दोन्ही टीमच्या एकेका खेळाडूला एकाच वेळी किरकोळ शिक्षा झाली की गोलकीपर सोडून चार-चार जण खेळायचे. बर्फ मोकळा मिळाला की एडमंटन धुमाकूळ घालायचं. 1985 मध्ये लीगने नियमच बदलला: बदली खेळाडू उतरवा, पाच-पाचच खेळा. लोक त्याला ग्रेट्झकीचा नियम म्हणायला लागले. त्यानंतरचा पहिलाच हंगाम म्हणजे 1985-86. वर सांगितलेले 215 त्याच हंगामातले.