अनशापोटी दोन पाकळ्या

दिग्यानं आल्या आल्या तोंड उघडून अण्णांच्या नाकासमोर धरलं. "वास येतोय का बघा."

अण्णा मागं सरकले. "दात घासलेस का ते आधी सांग."

"अहो, आठ दिवस झाले, अनशापोटी लसणाच्या दोन पाकळ्या गिळतोय. अख्ख्या. बी-ट्वेल वाढतंय, रक्त साफ होतंय, आणि वास अजिबात नाही!"

तो फॉरवर्ड सगळ्यांनाच आलाय, त्यामुळं कुणी काही विचारलं नाही.

रज्जाक चुरमुरे परतत होता. विलिंग्डनला केमिस्ट्री करून हा माणूस पंधरा वर्षं सांगलीत भडंगाचा गाडा लावतोय. आमच्यात त्याच्याइतका लसूण कुणी सोललेला नाही.

"वास नाही म्हणजे काम पण नाही, लका." त्यानं एक पाकळी उलथन्याखाली चेचली. भपकाराच आला. "मगाशी होता का हा वास? पाकळीत ॲलिन नावाचं रसायन एका खोलीत, त्याला बदलणारं ॲलिनेज हे एन्झाइम दुसऱ्या खोलीत. भिंत फुटली की दोघं भेटतात, मग वासाचं ॲलिसिन होतं. तू अख्खी गिळतोस, ॲलिनेज पोटातल्या आम्लातच मरतंय. तुझ्या आणि थोरल्याच्या वाड्यासारखं. मधी भिंत."

"भिंतीचं नाव काढू नकोस! अर्धा फूट माझ्या हद्दीत घातलीय त्यानं!"

मग वीस मिनिटं भिंत. मोजणी, तलाठी, आईची पेटी. इथं लिहीत नाही, तुम्हाला पाठ आहे.

शेवटी अण्णाच म्हणाले, "पण जीवनसत्त्व असतंय ना लसणात?"

"असतंय की. बी-सिक्स. १०० ग्रॅमला सव्वा मिलिग्रॅम. थोडं बी-वन. बी-ट्वेल शून्य, ते दुधात, अंड्यात, मटणात. नुसत्या लसणावर दिवसाचं बी-सिक्स भागवायचं तर तीसेक पाकळ्या लागतील."

"वहिनी माहेरी जातील," मी म्हणालो.

"मिरजेलाच तर हाय माहेर," दिग्या म्हणाला. आवाजात जरा आशाच होती.

"आणि बीपी?" अण्णांनी विचारलं.

"वाढलेलं असेल तर थोडं उतरतं. गोळी बंद करण्याइतकं नाही. आणि अण्णा, तुमची रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत. आमटीतला खावा बिनधास्त." हे तेवढं तो हसत बोलला नाही. अण्णांनी खिशातली बाटली हळूच आणखी आत ढकलली.

"मग खायचा कसा?"

"चेचून दहा मिनिटं ठेवायचा, मग फोडणीत. लगेच तापल्या तेलात टाकला की ॲलिनेज गेलं."

"म्हणजे तुझ्या भडंगातला लसूण फुकटच की!" दिग्यानं आयुष्यात पहिल्यांदा मुद्दा पकडला.

"चवीला आहे तो. गाड्यावर औषध म्हणून कुठं लिहिलंय?"

अण्णांनी आपली पुडी उलटी केली. चुरमुरे, शेंगदाणे, कढीपत्ता. तळलेला लसूण एक तुकडा नाही. बोलता बोलता दिग्याचा हात कुठं होता ते आत्ता कळलं. बारा वर्षं हेच चाललंय.

"फुकटचा ना? मग आम्हाला ठेव की, भाड्या!"

दिग्याला ठसका लागला. आता मात्र वास येत होता.