पाणी चालेल

रक्त तपासायला द्यायचं ठरलं की आदल्या दिवशी लॅबमधून फोन येतो. "काका, रात्री नऊनंतर काही खायचं नाही. पाणी चालेल." बोलणारी मुलगी तेविशी-चोविशीची असावी. दगड खाल्ले तरी पचतात त्या वयातच हे वाक्य इतक्या हलक्या हाताने टाकता येतं. आपण विचारतो, "चहा?" "नाही काका." "बिनसाखरेचा?" "नाही." "बिनदुधाचा?" इथे पलीकडे क्षणभर शांतता पसरते. हा प्रश्न तिला दिवसातून किती वेळा ऐकावा लागत असेल, ते त्या शांततेवरून कळतं.

चूक तिची नाही. साबुदाण्याची खिचडी, वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि वर बटाट्याचा कीस हाणून ढेकर देत "आज माझा उपास" म्हणणाऱ्या समाजाला 'उपाशीपोटी' म्हणजे काय, हे फोड करूनच सांगावं लागतं. कोरा चहा चालेल म्हटलं की त्यात 'नावाला' एक चमचा साखर पडणार, आणि चहा नुसता कसा घशाखाली जाईल म्हणून एक खारी. तेव्हा पाणी. तेही भरपूर, कारण कमी पाणी प्यायलं की शिरा आत दडून बसतात आणि मग सुई शोधमोहिमेवर निघते.

बारा तास म्हणजे काही फार नाही हो. त्यातले सात झोपेत जातात. साखरेपुरते आठ तासही पुरतात, चरबीची तपासणी असली की दहा-बारा सांगतात. पहाटे चारला सायकली काढून, पोटात अन्नाचा कण नसताना आमची पिढी सिंहगडाच्या पायथ्याशी पोचायची, आतकरवाडीकडून गड चढायची आणि भूक लागल्याचं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही समोर आल्यावरच लक्षात यायचं. त्याला कोणी उपास म्हणत नव्हतं. तेच लोक आता 'जेवण आटपा' म्हणून पावणेनऊचा गजर लावतात. काही अतिउत्साही संध्याकाळी सहालाच ताट घेतात. त्याने रिपोर्ट चांगला येत नाही. पंधरा-सोळा तास ताणलं की आकडे उलट बिघडू शकतात, आणि चक्कर येऊन लॅबच्या पायरीवर बसायची वेळ येते ती वेगळीच.

गोळ्यांचं मात्र आधी डॉक्टरांना विचारून घ्यावं. रक्तदाबाची गोळी बहुधा नेहमीच्या वेळी पाण्याबरोबर घ्यायला सांगतात. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी बसलं तर साखर धाडकन खाली येते: घाम, हाताला कंप, डोळ्यांपुढे अंधारी. तसं झालं तर तपासणी गेली खड्ड्यात, आधी साखर तोंडात टाकायची. आणखी एक गोळी कोणी सांगत नाही. ती केसांची. गेलेले केस परत येतील या आशेवर कित्येक जण बायोटिन घेत असतात. मोठ्या मात्रेतलं बायोटिन थायरॉइडच्या काही चाचण्यांत लुडबूड करतं आणि निरोगी माणसाचाही रिपोर्ट भलतंच काही सांगू लागतो. म्हणून ते निदान दोन दिवस आधी थांबवायचं. केस परत येत नाहीत ते नाहीतच, वर थायरॉइडचा घोर.

आता पॅकेज. '७२ तपासण्या' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं आणि पुणेरी डोकं लगेच किमतीला ७२ ने भागून मोकळं होतं. या ७२ च्या बेरजेकडे जरा चष्मा लावून बघावं. नुसत्या हिमोग्रामचेच, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचेच, पंधरा-वीस आकडे निघतात. कोलेस्टेरॉलच्या यादीतली गुणोत्तरं म्हणजे आधीच्याच दोन आकड्यांचा भागाकार. आणि सगळे ज्याला घाबरतात ते वाईट कोलेस्टेरॉल, म्हणजे एलडीएल, बऱ्याच ठिकाणी मोजतच नाहीत, गणिताने काढतात: एकूणमधून चांगलं वजा करायचं, ट्रायग्लिसराइडचा, म्हणजे रक्तातल्या दुसऱ्या एका चरबीचा, पाचवा हिस्सा वजा करायचा, उरलं ते एलडीएल. हे सूत्र १९७२ सालचं. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर गेलं की ते चालत नाही, मग खरंच मोजावं लागतं. थोडक्यात, चौथीतल्या वजाबाकीचे पैसे आपण साठीत भरतो.

सकाळची पहिली लघवी, आणि तीही सुरुवातीची थोडी सोडून मधली, छोट्या बाटलीत आणायची असते. बाटली लॅबची घ्यावी. घरातली धुतलेली जॅमची नको, तिच्या तळाशी साखर बसलेली असते आणि तासाभरात आपल्याला मधुमेह जाहीर होतो. नमुना तास-दोन तासांत पोचला पाहिजे. स्कूटरच्या हुकाला अडकवलेल्या कापडी पिशवीत ती बाटली, शेजारी फाईल, आणि वाटेत कोणी ओळखीचं भेटून "काय, मंडई का?" विचारलं की नुसती मान हलवायची.

लॅब हमखास पहिल्या मजल्यावर असते आणि लिफ्ट असलीच तर बंद. पर्वतीच्या १०३ पायऱ्या न मोजता चढणाऱ्यांना इथल्या बावीस पायऱ्या मोजाव्या लागतात. वर पोचलं की काउंटरवर नाव, वय. वय सांगताना आवाज आपोआप उतरतो, आणि पलीकडची मुलगी तेवढंच नेमकं मोठ्याने पुन्हा विचारते.

रांगेत प्रत्येकाच्या मांडीवर गेल्या वर्षीची फाईल असते. चाळिशी कपाळावरून नाकावर येते. (वाचायच्या चष्म्याला वयाचंच नाव देऊन टाकणारी आपली भाषा, तिला दयामाया नाही.) मग ठळक अक्षरात छापलेले आकडे एकमेकांना दाखवले जातात. "हे बघा, तीन लाल आलेत." "माझे पाच." दहावीचे मार्क सांगतानाही माणसं इतकी रंगत नसत. या लाल आकड्यांमागची गोम रांगेतल्या कोणी सांगत नाही. 'नॉर्मल' म्हणून छापलेला पल्ला बहुतेक चाचण्यांत असा ठरवतात, की ठणठणीत माणसांपैकी ९५ टक्के त्यात बसावेत. म्हणजे ठणठणीत असूनही शंभरातले पाच बाहेर. एकावेळी ७२ आकडे काढले की दोन-चार ठळक यायचेच. तो आकडा किती बाहेर आहे, गेल्या वर्षीही होता का, आणि शेजारच्या आकड्याशी जुळतो का, हे डॉक्टर बघतात. आपण फक्त ठळक शाई बघतो, फोनवर शोधतो आणि रात्री दीडपर्यंत स्वतःला तीन असाध्य रोग लावून घेतो.

खरा गोंधळ रक्तदाबाचा. बावीस पायऱ्या चढून धापा टाकत आलेल्या माणसाला खुर्चीत बसवतात, शर्टाच्या जाड बाहीवरूनच पट्टा गुंडाळतात, हात अधांतरी, पायावर पाय, मूत्राशय सोनोग्राफीसाठी तुडुंब, आणि पट्टा फुगत असताना विचारतात, "काका, कुठून आलात?" काका सदाशिव पेठेचा इतिहास सुरू करतात. आकडा येतो १६२/९८. काकांना घाम फुटतो, मग पुन्हा घेतात, तो येतो १६८.

यातली एकेक गोष्ट आकडा चढवणारी आहे. आधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाऊलं जमिनीवर सपाट, पायावर पाय नाही. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीत. हात दहा सेंटिमीटर खाली असला तर सात-आठ अंक फुकटात वाढतात, ते निव्वळ रक्ताच्या वजनाचं भौतिकशास्त्र आहे. दंड उघडा, पट्ट्याची खालची कड कोपराच्या खाचेपासून दोन बोटं वर. जाड दंडाला लहान पट्टा लावला तरी आकडा वाढतो. चहा, तंबाखू, व्यायाम अर्ध्या तासात नको. लघवी करून यायचं. आणि बोलायचं नाही. पुण्यात हीच अट सगळ्यात अवघड आहे. समोरचा काही चुकीचं करत असताना पाच मिनिटं न बोलता बसून राहायचं म्हणजे त्यानेच रक्तदाब वाढायचा.

म्हणून मशीन घरी आणावं हे बरं. दंडाचं घ्यावं, मनगटाचं नको. सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, मिनिटाच्या अंतराने दोनदा, दोन्ही लिहायचे. 'चांगला आला तो लिहायचा' ही पद्धत बाद. कालनिर्णयच्या ज्या चौकोनात पूर्वी दुधाचे खाडे लिहिले जायचे, तिथे आता १३४/८६ असतं. घरी बरा आणि दवाखान्यात चढलेला, असं पुष्कळांचं असतं. पांढऱ्या कोटाची भीती म्हणतात तिला, आणि डॉक्टरांना तो कालनिर्णयच दाखवायचा.

रक्त घेण्याचा प्रकार त्यामानाने सरळ. रबरी पट्टा, "मूठ आवळा काका", गार स्पिरिट, आणि सुई. मूठ एकदा आवळून धरायची. उघड-मीट उघड-मीट करत बसलं की रक्तातलं पोटॅशियम उगीच वाढून दिसतं. या शिरेची तारीफ मात्र खरी तारीफ असते. "काका, शीर मस्त आहे हं तुमची." या वयात शरीराच्या कुठल्याही भागाला मस्त म्हणणारं दुसरं कोणी भेटत नाही, तेव्हा ते वाक्य घरी जाऊन सांगायला हरकत नाही.

नळ्यांची टोपणं बघण्यासारखी असतात. जांभळ्या टोपणाची हिमोग्रामची. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून रसायन असतं, आणि ती आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी करायची असते, सरबतासारखी घुसळायची नसते. लाल किंवा पिवळ्या टोपणाची चरबी, यकृत, मूत्रपिंडासाठी. करड्या टोपणाची साखरेची, आणि तिच्यात फ्लोराइड असतं. कारण रक्त शरीराबाहेर आलं तरी पेशींचं खाणं थांबत नाही, साध्या नळीत त्या तासाला पाच-सात टक्के साखर फस्त करतात. आपण बारा तास उपाशी, आणि पेशी नळीत बसून जेवतायत!

नंतर कापूस दाबून धरायचा, हात सरळ ठेवून, तीन-चार मिनिटं. कोपर दुमडून बसू नये. उघडलं की भळकन रक्त येतं, नाहीतर आत साकळून हिरवंनिळं होतं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आणखी थोडा वेळ.

सोनोग्राफीबद्दल इतकंच, की पित्ताशय फुगलेलं दिसावं म्हणून पोट रिकामं हवं आणि मूत्राशय तुडुंब हवं. लिटरभर पाणी पिऊन तासभर थांबायचं आणि डॉक्टर 'अर्ध्या तासात येतीलच' असतात. यापुढे काही लिहिवत नाही.

परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करून पास होणाऱ्यांना एक सवय लागलेली असते. तपासणी ठरली की आठ दिवस गोड बंद, भात बंद, टेकडी चालू. उपाशीपोटीची साखर खरंच छान येते, ९६ वगैरे. मग खालची ओळ: एचबीएवनसी, ६.३. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढे दिवस तिला चिकटलेली साखर ती सोडत नाही. गेल्या तीन महिन्यांचा हजेरीपटच तो, त्यातही शेवटच्या महिन्याची हजेरी जास्त धरलेली. जूनमध्ये रक्त दिलंत तर मेमधला आमरस त्यात आहे. कितीव्या वाटीला थांबलात हेही जवळजवळ आहे. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह, मधले उंबरठ्यावरचे. आणि गंमत म्हणजे या चाचणीला उपाशी राहावंच लागत नाही! पेशी कमी असल्या, रक्तक्षय असला तर हा आकडाही फसवतो, म्हणून डॉक्टर हिमोग्रामसुद्धा शेजारी ठेवून बघतात.

मग उरते जेवणानंतरची साखर, लॅबच्या भाषेत पीपी. पहिला घास तोंडात गेल्यापासून बरोबर दोन तास. संपल्यापासून नाही, बिल दिल्यापासून नाही. खायचं नेहमीचंच आणि नेहमीएवढंच. दोन इडल्या खाऊन १४० च्या आत आकडा आणणाऱ्याने स्वतःलाच टोपी घातलेली असते. साखरेची गोळी असेल तर ती नाश्त्याबरोबर घ्यायची. मधल्या वेळात पाय मोकळे करायला म्हणून सारसबागेला दोन फेऱ्याही नाहीत, त्यानेही आकडा उतरतो.

लॅबच्या खालच्या हॉटेलात साडेआठला जाऊन बघा. चार टेबलांवर चार काका, दोन काकू, प्रत्येकाच्या कोपरात कापूस आणि पट्टी. मधल्या टेबलावर टेकडी उतरून आलेली पोरं मिसळीवर जादा शेव आणि तिसरी पावाची जोडी मागवतायत, आणि सहाही कोपरं तिकडे वळलेली. पोहे येतात. सगळे आधी घड्याळ बघतात, मगच चमचा उचलतात. पोहे संपल्यावर एक काका सवयीने म्हणतात, "आणि एक कटिंग." वेटर त्यांच्या कोपराकडे बघतो, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतो आणि काही न बोलता पाण्याचा ग्लास ठेवून पुढच्या टेबलाकडे जातो.