लिफ्ट बंद, शिकवणी चालू

पॅरिसमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट परत बंद. घर सहाव्या मजल्यावर आणि खांद्यावर ला शापेलच्या तमिळ दुकानातलं दहा किलो तांदळाचं पोतं. जिन्याशी एक आजोबा कुत्र्याची साखळी धरून उभे होते. माणुसकी म्हणून सांगायला गेलो, "मस्यू, लिफ्ट 'कासे' आहे." म्हणजे मोडली आहे.

"कासे?" मी त्यांच्या कुत्र्याला लाथ घातल्यासारखं त्यांनी पाहिलं. "तुकडे झाले तिचे? काच कासे होते, काठी कासे होते. लिफ्ट 'आँ पान' असते, बंद पडलेली!"

आमच्याकडे काच फुटते, काठी मोडते, दोरी तुटते. यांचं बहुतेक सगळं एका 'कासे'वर भागतं, तरी तोरा केवढा!

वाच्यार्थ संपल्यावर आजोबा लक्षणेवर आले. कुणाचे पाय 'कासे' करणं म्हणजे त्याचं डोकं खाणं. स्वतःचा पाइप 'कासे' करणं म्हणजे राम म्हणणं. दुसऱ्याच्या पाठीवर साखर 'कासे' करणं म्हणजे त्याच्या माघारी कुचाळक्या. मी पोतं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. एखादी गोष्ट यथातथाच असली, की ती म्हणे बदकाचे तीन पाय 'कासे' करत नाही. बदकाला तिसरा पाय कुठून आला, हे विचारायला माझी मान वळत नव्हती.

मग निघालं कूर द कासासियों. खालच्या कोर्टांचे निकाल रद्द करणारं हे न्यायालय 1790 सालचं, आणि निकाल फिरवताना आजही 'कास' असंच लिहितं.

"निकाल काय काचेचा असतो?" मी विचारलं.

"ते लाक्षणिक!"

म्हणजे न्यायाधीशांनी मोडलं तर लक्षणा, मी मोडलं तर अडाणीपणा. "तुम्ही माझे पाय कासे करताय" हे वाक्य जिभेवर आलं होतं. पण त्यांनी उच्चारही सुधारला असता.

तेवढ्यात कुत्र्याने हिसका दिला आणि आजोबा घरात शिरले. तळमजल्यावरच्या! फ्लॅटमालकांसाठीच्या 1965 च्या कायद्याप्रमाणे लिफ्टचा खर्च ज्याला तिचा जितका उपयोग, तितका त्याच्या माथी. तळमजल्याला बहुधा शून्य. मी मात्र भाडेकरू. भाड्यासोबतच्या 'शार्ज'मध्ये लिफ्टच्या देखभालीचे पैसे दर महिन्याला मोजतो, ती चालो वा न चालो. त्या पैशांत कुणी लाक्षणिक अर्थ काढत नाही.

आता लिफ्टच्या दारावर चिठ्ठी लागली आहे: पार्ट मागवला आहे. तारीख नाही. आणि पार्ट मागवावा लागला, तो आत काहीतरी मोडलं म्हणूनच ना? मग झाली की 'कासे'!